अकरातले तीन

३ जानेवारी, शनिवार
घर विकायचं ठरलं. म्हणजे सोलांजने ठरवलं आणि मी संमती दिली. तिचा गुडघा, जिना, बागेतलं गवत, मुलीचं दिजाँमधलं घर, अशी कारणं तिने बोटांवर मोजून दाखवली. नवऱ्याने ऐकून घ्यायचं असतं, घेतलं. एप्रिलमध्ये दिजाँला फ्लॅट. तिसरा मजला, लिफ्ट आहे, तळघर नाही. तळघराच्या नावाखाली इमारतीच्या पोटात जाळीचा एक पिंजरा मिळणार. मी स्वतः मोजून आलो. जमीनमोजणी खात्यात सदतीस वर्षं उगाच नाही काढली. एक मीटर सत्तर बाय एक मीटर दहा. कोंबड्या ठेवायला बरा.

माझ्या तळघरात आजमितीला अकरा मळेवाल्यांची वाइन आहे. आमच्या या डोंगरउतारावर नुसते पैसे दाखवून वाइन मिळत नाही. मळेवाल्याच्या यादीत नाव असावं लागतं, मग तो दरवर्षी ठरावीक बाटल्यांचा कोटा देतो. लोक दहा-दहा वर्षं रांगेत कुजतात. माझी अकरा याद्यांमध्ये जागा आहे. मान आहे. जिभेचा मान.

सोलांज म्हणाली, पिंजऱ्यात तिघांचंच मावेल, तीन निवड. मी पाच म्हटलं. ती तीन म्हणाली. शेवटी मी तीनवर ठाम राहिलो.

संकल्प : निवड फक्त गुणांवर. ओळखदेख, दयामाया, जुने संबंध, काहीही चालणार नाही.

५ जानेवारी, सोमवार. सकाळी १०
नवी वही. अकरा नावं, समोर शंभरापैकी गुण.

११.१५ : चार जण उडाले. सँ-रोमँवाला, वाइन बरी, पण स्वतःच फार बोलतो. बोलायचं काम गिऱ्हाइकाचं. साव्हिन्यीचे जुळे भाऊ, दोघांत मिळून एक अक्कल, तीही आळीपाळीने वापरतात. मर्सोवाल्याने लेबलवर मांजर छापलंय. त्याच्या मुलीने काढलं म्हणे. मांजराची बाटली मी पाहुण्यांसमोर ठेवू? चौथ्याचं कारण लिहिण्याइतकीही त्याची लायकी नाही.

१२.३० : वाढता वाढता सोलांजने वहीत डोकावलं. म्हणाली, शाळेत मास्तरांनी तुलासुद्धा इतके कमी मार्क दिले नव्हते. दुर्लक्ष केलं.

४.३० : आठ उडाले. उरले ते असे :
कॉर्नव्हो, व्होल्नेचा म्हातारा. जुनी घडण. ९४.
मादाम मारेतो, मोंतलीची. विधवा. जीभ तिखट, वाइन मऊ. ९३.
ब्रिसोदे. तरुण, टोपी उलटी घालतो, घोड्याने नांगरतो. घोड्याचे दोन गुण कापले. ९१.

हे तिघे भाग्यवान. अजून त्यांना माहीत नाही.

८ जानेवारी, गुरुवार
आठ निरोपाची पत्रं लिहिली. कोणी दुखावलं जाऊ नये म्हणून प्रत्येकाला दोनच दोष कळवले.

सोलांज म्हणाली, पत्रं टाकू नकोस. फेब्रुवारीत सगळ्यांचे मागणीचे फॉर्म येतात, ज्यांचं घ्यायचं नाही त्यांना मी दोन ओळी लिहीन, गोडीगुलाबीने. मी म्हटलं, गोडीने सांगितलं तर सुधारणार कसे? तिने सुरी उचलली. म्हणाली, जाऊ दे, मला कांदे सोलायचेत, हाताने. तुझं नाकाने चालू दे.

आठही पत्रं रजिस्टर्ड टाकली. पोहोचपावतीसकट.

१४ जानेवारी, बुधवार
उत्तर नाही. धक्का बसला असणार. आठ घरांत आठ चुली थंड. मला आनंद होत नाही, पण रसिकाला कठोर व्हावंच लागतं.

१७ जानेवारी, शनिवार
दोन उत्तरं. दोन्ही जवळपास सारखी. निर्णय कळला, शुभेच्छा, मादामना आमचा आवर्जून नमस्कार सांगा, त्यांच्या गुडघ्याला आता आराम आहे ना?

पत्र मी लिहिलं आणि चौकशी गुडघ्याची! मी दाखवलेल्या दोषांबद्दल चकार शब्द नाही. असल्या लोकांना एकतीस वर्षं माझी जीभ वाहिली.

दुपारी गास्पार आला. सोलांजचा धाकटा भाऊ. ट्रॅक्टरचे टायर विकतो. उन्हाळ्यात वाइनमध्ये बर्फ घालून पितो, मी डोळ्यांनी पाहिलंय. आठ पत्रांचं ऐकल्यावर त्याचा कॉफीचा कप हवेतच राहिला. म्हणाला, आन्सेल्म, तू वेडा आहेस की खुळा? आठ जागा सोडल्यास? आठ? मग हळूच विचारलं, कोणकोणत्या? मी सगळी नावं सांगितली, त्याने फोनमध्ये टिपून घेतली. गाढवाला गुळाची चव काय. पण शिकावंसं वाटतंय तर शिकू दे.

२४ जानेवारी, शनिवार
कॉर्नव्होकडे गेलो. परवा मळेवाल्यांच्या संताचा, संत व्हँसाँचा सण झाला, अख्खं गाव अजून डोकं धरून बसलंय. म्हातारा मात्र ताठ. त्याला सांगितलं की अकरांतून तीन निवडले आणि तू पहिला. त्याचे डोळे भरून येतील म्हणून जरा थांबलो. तो नुसतं, अस्सं, म्हणाला आणि पिंपातून चोवीस सालची वाइन काढून दिली.

चोवीस साल म्हणजे एप्रिलपासून पाऊस, पानांवर रोग, निम्मी द्राक्षं वेलीवरच गेली. मी घोट घेतला, थुंकलो, पेल्यात उरलेली रीतीप्रमाणे पिंपात परत ओतली. म्हटलं, हे साल राहू दे. मी नेहमीप्रमाणे फक्त चांगली सालं घेतो. पंचवीसला माझा कोटा पूर्ण ठेव.

म्हाताऱ्याने विचारलं, नेहमीप्रमाणे?

मी म्हटलं, अर्थात. एकतीस वर्षांत एकही वाईट साल माझ्या तळघरात शिरलेलं नाही. तर तो हसायलाच लागला. इतका की पिंपाचा आधार घ्यावा लागला, डोळे पुसावे लागले. जुन्या माणसांचं प्रेम असं कसंही बाहेर पडतं.

३१ जानेवारी, शनिवार
ब्रिसोदेकडे. तो घोड्याची मान खाजवत होता. त्यालाही तेच सांगितलं : तू तिसरा, चोवीस नको, पंचवीस दे. त्याने विचारलं, मादामशी बोललात का? मी ठणकावून सांगितलं की वाइनच्या बाबतीत आमच्याकडे मीच बोलतो. तो म्हणाला, हो, ते ऐकून आहे.

घोड्याने माझ्या कोटाला नाक पुसलं. आणखी एक गुण कापला.

३ फेब्रुवारी, मंगळवार
कॉर्नव्होचं पत्र. जागा पुढे चालू ठेवता येत नाही. जे चोवीस घेत नाहीत त्यांना पंचवीस देता येत नाही, हा आमच्याकडचा रिवाज तुम्हाला ठाऊकच आहे. मादामना नमस्कार.

रिवाज मला ठाऊक नाही? इथेच जन्मलो मी. वाईट सालीसुद्धा मळेवाल्याला जेवायचं असतं, म्हणून यादीतल्या माणसाने नाक न मुरडता आपला कोटा उचलायचा. तेव्हा उचलला तर चांगल्या सालात मिळणार. पण हा रिवाज सामान्य गिऱ्हाइकांसाठी आहे. मी तो एकदाही पाळला नाही आणि एकतीस वर्षांत कोणी ब्र काढला नाही. याचा अर्थ मला सूट होती. उघड आहे.

म्हातारा थकला. त्याचे गुण ९४ वरून ६१. चौथ्या नंबरला बढती द्यावी लागेल. गुणांनी चौथा म्हणजे तो बडबड्या सँ-रोमँवाला. त्याला निरोपाचं पत्र गेलंय, पण माफीचं पत्र घरी आलं तर कोणाला नको असतं?

६ फेब्रुवारी, शुक्रवार
सँ-रोमँवाल्याला फोन केला. पाऊण तास तोच बोलला. तात्पर्य : माझी जागा पत्र मिळाल्यावर दोन आठवड्यांतच भरली. कोणी भरली? तुमचेच पाहुणे, टायरवाले! भला माणूस! चोवीसची बारा खोकी घेतली, सहा तर तिथेच गाडीत चढवली, जाताना दोन्ही गालांचे मुके घेऊन गेले.

जुळ्या भावांना फोन. गास्पार. मर्सोला फोन. गास्पार, शिवाय त्याने मांजराची तारीफ केली म्हणून छोकरीने त्याला मूळ चित्र भेट दिलं. आठांपैकी पाच जागा त्याने गिळल्या. उरलेल्या तीन परक्या देशांत गेल्या. मेला वाइनमध्ये बर्फ घालतो!

सोलांजला म्हटलं, तुझा भाऊ अस्तनीतला निखारा आहे. ती म्हणाली, तूच टाकून दिलंस ना? टाकलेलं कोणीतरी उचलणारच.

७ फेब्रुवारी, शनिवार
ब्रिसोदेचा ईमेल. एक ओळ : सॉरी, यंदा जमणार नाही. पुढे हसऱ्या तोंडाचं चित्र. हा घोडा विकून त्याने एखादं व्याकरणाचं पुस्तक घ्यावं.

राहिली मादाम मारेतो. खरं तर मला पहिल्यापासून तीच आवडायची. तीन ही संख्या मुळातच बटबटीत आहे, खरा रसिक एकनिष्ठ असतो.

संकल्प : नम्रपणा. तिच्यापुरता.

१० फेब्रुवारी, मंगळवार
घडलं तसं लिहितो.

मादाम मारेतो अंगणात बुटांचा चिखल खरवडत होती. आत नेलं, चोवीस ओतली. मी नम्रपणे म्हटलं की हिच्यात एक प्रामाणिक पाणचटपणा आहे, आणि केवळ आपल्या जुन्या स्नेहापोटी मी तीन बाटल्या घेईन.

तिने माझ्या हातातला पेला काढून घेतला. म्हणाली, मस्यू, एकतीस वर्षं तुमचं ऐकतेय, आज माझं ऐका. गारा पडल्या ते साल कोणी घेतलं? थंडीने कळ्या करपल्या ते? द्राक्षं वेलीवर सडली ते? तुम्ही? तुमच्या बायकोने! दर वाईट साली ती स्वतःची गाडी घेऊन यायची, पूर्ण कोटा उचलायची, वर तुमच्या वतीने माफी मागायची. तुम्ही आदल्या आठवड्यात इथे जे बोलून गेलेले असायचात, त्याची.

मी म्हटलं, काहीतरी गैरसमज आहे, यादीत माझं नाव आहे. तिने भिंतीवरची यादी दाखवली. मी चष्मा लावला. मादाम सोलांज. पुढे कंसात, बारीक अक्षरात : (नवरा येतो).

मी विचारलं, बाकीच्या दहांकडे? ती म्हणाली, सगळीकडे तिचंच. तुम्ही यायचात, चाखायचात, थुंकायचात, गुण द्यायचात. तिच्यासाठी आम्ही ऐकून घ्यायचो. आता तुम्हीच आठ पत्रं धाडलीत, वर दोष काढलेत. कोण किती ऐकणार?

घरी येताना दोन वेळा रस्ता चुकलो. हे रस्ते मी मोजलेले आहेत.

११ फेब्रुवारी, बुधवार. दुपार
सोलांज ताटल्या वर्तमानपत्रात गुंडाळत होती. विचारलं. हो, म्हणाली. हात थांबला नाही.

मग त्या सगळ्या बाटल्या गेल्या कुठे? पातेल्यात, म्हणाली. रविवारची वाइनमधली अंडी, ससा, ईस्टरचं बीफ, पेअर. तू दोनदा वाढून घ्यायचास.

म्हणजे एकतीस वर्षं मी वाईट सालं खाल्ली. आठवड्यातून तीनदा. वर म्हणायचो की सोलांज, रश्शाला काय उंची आहे!

मला सांगितलं का नाहीस, विचारलं. ती म्हणाली, सांगितलं असतं तर तू भांडायला गेला असतास, मग चांगली सालंही गेली असती. तुला त्या बाटल्यांचं फार, म्हणून म्हटलं राहू दे. पुढे म्हणाली, चांगली सालं तू पाहुण्यांना पाजलीस. बाटली उघडून वीस मिनिटं बोलायचास, तोवर मी चुलीपाशी. मी बाहेर येईपर्यंत तळाचा गाळ उरलेला असायचा. तो मी प्यायचे.

रागाने म्हणाली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती ताटल्या मोजत म्हणाली. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. साधारण तासभर.

५.३० : शांत डोक्याने विचार केला. निवड माझी, अंमलबजावणी तिची. यालाच संसार म्हणतात. माझी जीभ नसती तर तिने कोणाची वाईट सालं उचलली असती? भलत्याच कोणाची तरी. तेव्हा श्रेय निम्मं निम्मं.

संकल्प : स्वतःच्या नावाने यादीत जायचं. कंसाबाहेर.

१६ फेब्रुवारी, सोमवार
सोलांज एकटीच मोंतलीला जाऊन आली. चोवीसचा पूर्ण कोटा घेतला. कॉर्नव्हो आणि ब्रिसोदे दोघांनी तिला फोन करून सांगितलं होतं की मादाम, तुमच्यासाठी दार उघडं आहे. तिने आभार मानून नाही म्हटलं. एकच पुरे, म्हणाली, पिंजऱ्यात सायकल ठेवायचीय. आणि हे चोवीस शिजवायचं नाही, प्यायचंय.

मी विचारलं, एकच निवडायची तर मारेतोच का? गुण किती दिलेस? ती म्हणाली, गुण कसले? मला तिच्याकडे बसायला आवडतं.

ही निवडीची पद्धत! असल्या पद्धतीने लोक सरकारं निवडतात.

मारेतोला फोन केला. स्वतःचं नाव घालायचं म्हटलं. प्रतीक्षायादीत चारशे अकरा जण आहेत, मी चारशे बारावा. वय विचारलं. सांगितलं. तिने पुन्हा विचारून खात्री केली. मग म्हणाली, एक वाट आहे. यादीतल्या प्रत्येकाला आयुष्यात एकदा, एकाच माणसाची शिफारस करता येते. तो थेट वर येतो.

प्रश्न सुटला.

१८ फेब्रुवारी, बुधवार
न्याहारीच्या वेळी सहज विषय काढला. सोलांज पावाला लोणी लावत होती. म्हणाली, गास्पारनेही विचारलंय. नाव एकच देता येतं, शुक्रवारपर्यंत सांगते.

मी विचारलं, निवड गुणांवर करशील ना? हो, म्हणाली.

मग मिटलंच. तिला सोपं जावं म्हणून तक्ता करून फ्रिजवर लावला. ज्ञान, जीभ, अनुभव, परंपरा. मी : ९६. गास्पार : १२. बर्फाचे गुण कापले नाहीत, कोणी पक्षपात म्हणायला नको.

१९ फेब्रुवारी, गुरुवार
भांडी घासली. योगायोगाने. तिच्या गुडघ्याला मलम चोळून दिलं, तेही योगायोगाने. ती म्हणाली, दुसरा गुडघा. बेचाळीस वर्षांच्या संसारात एखादा गुडघा चुकतो माणसाचा.

एक पेटी मी स्वतः बांधली. गास्पार कधी पेटी बांधतो का? तक्त्यात रकाना वाढवला.

२० फेब्रुवारी, शुक्रवार
तिने गास्पारचं नाव दिलं.

मी तक्ता फ्रिजवरून काढून तिच्यासमोर धरला. तिने वाचला, अगदी शेवटपर्यंत. मग म्हणाली, आन्सेल्म, मारेतोच्या नवऱ्याला पुरलं त्या दिवशी पाऊस कोसळत होता. गास्पार दुकान बंद करून आला, गुडघाभर चिखलातून शवपेटीला खांदा दिला, संध्याकाळी त्या बाईच्या घरी लाकडं फोडून दिली. ती सारखी विचारत होती, मस्यू आन्सेल्म दिसत नाहीत? मी सांगितलं, ताप आहे. तू कुठे होतास?

मला आठवेना. ती खोलीत गेल्यावर जुन्या वह्या काढल्या. ती तारीख सापडली. सकाळी साडेनऊला व्होल्ने, कॉर्नव्होकडे. सहा पिंपं चाखली, चांगली दोन पानं लिहिली आहेत. मारेतोचा उल्लेख नाही. पावसाचाही नाही.

साल उत्तम होतं.